साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड : गिरगावच्या चाळी कशा घडल्या आणि का पडतात

शहरातल्या जुन्या वस्त्यांवरच्या आपल्या व्याख्यानमालेत आज गिरगाव. विषय चाळीचा आहे, हे कळल्यावर काहींनी आधीच विचारलं की गणपती, दहीहंडी, गॅलरीतल्या गप्पा यांवर बोलणार ना? बोलू. पण तिथून सुरुवात करणार नाही. चाळीच्या आठवणी पुष्कळ जणांनी पुष्कळ छान सांगितलेल्या आहेत. त्या ऐकताना एक गोष्ट मात्र हातातून निसटते. चाळ ही आधी एक इमारत आहे. ती कोणीतरी पैसे घालून बांधली, कोणत्या तरी कायद्याखाली ती टिकली आणि कोणत्या तरी कायद्याखालीच ती आज पाडली जाते.

म्हणून आज आम्ही एकच साधा प्रश्न धरून चालणार आहोत. घरात जो उजेड येतो, जी हवा येते, त्याचा खर्च कोण करतो? ऐकायला हा प्रश्न विचित्र वाटेल. सूर्य फुकट आहे, वारा फुकट आहे. पण शहरात उजेड फुकट नसतो. खिडकीसमोर दहा फूट मोकळी जागा सोडायची म्हणजे दहा फुटांवर बांधकाम करायचं नाही. त्या जागेचं भाडं कोणाला तरी सोडावं लागतं. ते कोणी सोडलं आणि कोणी सोडलं नाही, यावरून गिरगावचा दीडशे वर्षांचा इतिहास वाचता येतो.

वाडी : झाडांच्या नावांची वस्ती

गिरगाव म्हणजे मलबार हिलच्या पायथ्याचं गाव. गिरीजवळचं, म्हणून गिरगाव. आज तिथून चालताना पाट्या वाचा. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. ही नावं उगाच पडलेली नाहीत. हा सगळा पट्टा एके काळी नारळी-पोफळींचा, फळझाडांचा होता. इंग्रजांच्या कागदपत्रांत अशा बागांना 'ओर्ट' म्हटलेलं आढळतं. हा शब्द पोर्तुगीज 'होर्ता' म्हणजे बाग यावरून आला. बागेचा एक मालक, आत जायला एक चिंचोळी वाट आणि वाटेच्या दोन्ही अंगांना घरं. वाडीची ही रचना बाग गेल्यावरही राहिली. झाडं तुटली, घरं वाढली, पण जमिनीचा तुकडा तोच राहिला. गिरगावात एका गल्लीतून शिरलं की दुसरीकडे बाहेर पडायला वाट सापडेलच असं नाही, त्याचं कारण हेच. ते रस्ते म्हणून आखलेलेच नव्हते. त्या बागेत जायच्या वाटा होत्या.

खोताची वाडी आजही या जुन्या अवस्थेची कल्पना देते. खोत म्हणजे जमिनीचा सारा वसूल करणारा. इथले खोत पाठारे प्रभू समाजातले होते आणि त्यांच्याकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. एक-दोन मजली घर, लाकडी खांब, पुढे ओटी, बाहेरच्या अंगाने वर जाणारा जिना, वर कौलं. घर एकेका कुटुंबाचं, त्यामुळे चारी बाजूंनी थोडीतरी मोकळीक. उजेडाचा खर्च इथे घरमालकच करत होता, कारण राहणाराही तोच होता.

चाळ : भाड्याचं गणित

मग शहर वाढायला लागलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या सूतगिरणीचा घाट घातला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा कोट पाडला गेला. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसं येऊ लागली. गिरण्यांचे कामगार परळ-लालबागकडे राहिले. गिरगावात आला तो मुख्यतः कारकून, शिक्षक, छापखान्यातला जुळारी, दुकानातला गुमास्ता, पोस्टातला नोकर. फोर्टातलं ऑफिस पायी गाठता येईल असं अंतर, हा गिरगावचा मोठा गुण होता.

या माणसाला घर विकत घ्यायचं नव्हतं आणि परवडणारही नव्हतं. त्याला बिऱ्हाड करायला खोली हवी होती. आणि मालकाला आपल्या वाडीतून जास्तीत जास्त खोल्या काढायच्या होत्या. या दोन गरजांची भेट म्हणजे चाळ.

आता चाळीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तीन किंवा चार मजले. सागवानी खांब आणि तुळया, त्यांच्यामध्ये विटांचं आणि चुन्याचं काम. एका ओळीत खोल्या, बहुतेक ठिकाणी पुढची बसायची आणि मागची स्वयंपाकाची. स्वयंपाकाच्या खोलीत एक मोरी. सगळ्या खोल्यांपुढून जाणारी एक लाकडी गॅलरी. टोकाला जिना आणि जिन्याजवळ किंवा मागच्या अंगाला सगळ्यांसाठी नळ आणि संडास.

गॅलरी कशासाठी? शेजारधर्म वाढावा म्हणून कोणी मालक गॅलरी बांधत नाही. प्रत्येक दोन बिऱ्हाडांना वेगळा जिना द्यायचा तर जागा जाते. एक जिना आणि एक लांब गॅलरी दिली की वीस बिऱ्हाडांची सोय होते. शिवाय पाऊस आणि ऊन खोलीच्या भिंतीवर थेट येत नाही, लाकूड टिकतं. म्हणजे गॅलरी ही काटकसर होती. पण दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं राहायला लागली की त्यांच्या आयुष्याचा अर्धा भाग आपोआप गॅलरीत येऊन पडतो. पापड तिथे वाळतात, मुलं तिथे अभ्यास करतात, म्हातारी माणसं तिथे झोपतात. मालकाच्या काटकसरीतून भाडेकरूंनी स्वतःसाठी एक दिवाणखाना तयार केला. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. ही गोष्ट अशाच इमारतीत घडणं सोपं होतं, कारण लोकांना एकत्र यायला मुद्दाम सभागृह बांधायची गरज नव्हती.

पण चाळीला एक मागची बाजूही आहे आणि ती आठवणींत फारशी येत नाही. दोन चाळींच्या पाठीमध्ये तीन-चार फुटांची एक फट असते. तिला हाऊस गल्ली म्हणतात. त्या काळी संडासाखाली टोपल्या असत आणि त्या रिकाम्या करायला सफाई कामगार या गल्लीतून येत. हे काम कोणत्या जातींच्या माथी मारलं होतं, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. पुढची बाजू गॅलरीची, मागची बाजू या गल्लीची. मागची खोली, जिथे बायकांचा सगळा दिवस जायचा, तिचा उजेड आणि हवा या फटीतून यायची. मालकाने तिथे जागा सोडली नाही. उजेडाचा खर्च कोणीच केला नाही, आणि तो न करण्याची किंमत मागच्या खोलीत राहणाऱ्यांनी भरली.

प्लेग : छपरावरची कौलं काढली तेव्हा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. डॉक्टर मूळचे गोव्याचे. पुढल्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गाव सोडून गेली. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, आणि हाफकीन यांनी इथेच, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये, लस तयार केली.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचं हे की सरकारचं लक्ष पहिल्यांदा खोलीच्या आत गेलं. माणसांनी राहण्यास अयोग्य अशा घरांवर 'यू एच एच' ही अक्षरं रंगवली गेली. काही घरांच्या छपरांवरची कौलं काढली, ऊन आत यावं म्हणून. कल्पना करा, ज्या खोलीत इतकी वर्षं दिवसासुद्धा दिवा लावावा लागत होता, तिथे छप्पर उघडून सूर्य आत सोडला जात होता.

आता यात एक गंमत आहे. प्लेग अंधाराने होत नाही. १८९४ मध्ये यर्सँ यांनी त्याचा जंतू शोधला होता आणि तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. कोंदट हवेतून रोग येतो ही समजूत चुकीची होती. तरीही त्या समजुतीतून निघालेला उपाय, म्हणजे घरांना उजेड आणि हवा हवी, हा मुंबईच्या खूप उपयोगी पडला. क्षयासारख्या रोगांना तो नेमका लागू होता.

१८९८ च्या अखेरीस बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपल्याकडे 'बीआयटी चाळ' असं जे म्हणतात, त्यातला बीआयटी तो हा. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. चौपाटीकडून डोंगरीपर्यंत गेलेला सँडहर्स्ट रोड म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, आणि प्रिन्सेस स्ट्रीट म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा, हा त्यामागचा एक हेतू होता. नकाशात बघा, हे रस्ते समुद्राकडून आत जातात.

पण ज्यांची घरं रस्त्यात गेली त्यांचं काय? सुरुवातीच्या वर्षांत पाडण्याचं काम पुढे आणि बांधण्याचं मागे, असंच चाललं. एक गल्ली मोकळी झाली की शेजारच्या दोन गल्ल्या अधिक भरत. उजेडाचा खर्च आता सार्वजनिक पैशातून होत होता खरा, पण त्यात गरीब भाडेकरूचं छप्परही खर्ची पडत होतं.

साडेत्रेसष्ट अंश म्हणजे काय

यातून ट्रस्टने एक नियम पुढे आणला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी त्याचा फार पाठपुरावा केला. तो असा. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून एक तिरकी रेघ वर आकाशाकडे काढा. जमिनीशी तिचा कोन साडेत्रेसष्ट अंशांचा ठेवा. ही रेघ समोरच्या इमारतीला अडता कामा नये. अडली, तर त्या खोलीला पुरेसा उजेड नाही.

शाळेतली भूमिती आठवत असेल तर हा कोन अगदी सोपा आहे. यात उंची ही रुंदीच्या दुप्पट होते. म्हणजे समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्ये वीस फूट मोकळे हवेत. साठ फूट असेल तर तीस. एवढं साधं. हाऊस गल्लीच्या तीन फुटांना हे माप लावून बघा. तीन फूट रुंदीला सहा फूट उंचीच चालेल. म्हणजे माणसाच्या उंचीची भिंत. तिथे चार मजले उभे होते.

हा नियम सगळीकडे सारखा पाळला गेला असं नाही. पण दादर-माटुंग्याकडे ट्रस्टने नव्या वसाहती आखल्या, तिथे त्याचा परिणाम आजही दिसतो. हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत दोन इमारतींमध्ये झाड वाढेल एवढी जागा आहे. ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या चाळीही आहेत. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर साधारण दोन दशकं राहिले. खोली लहान, पण चाळींमध्ये अंगण होतं.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी आणखी मोठी योजना हाती घेतली. तीच बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सिमेंट काँक्रीटच्या या चाळी सुरुवातीला लोकांना तुरुंगासारख्या वाटत. पण एक लक्षात घ्या. खोलीचा आकार छोटा असला तरी दोन चाळींमधली जागा सोडलेली होती. पुढे त्या जागेतच कबड्डीचे संघ, व्यायामशाळा, सभा उभ्या राहिल्या.

भाडेपावती : छप्पर राहिलं, भिंती खचल्या

आता आपण गिरगावात परत येऊ. इथल्या खासगी चाळींचं काय झालं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि फाळणीनंतर मुंबईत जागेची भयंकर टंचाई झाली. मालकांनी भाडी भरमसाट वाढवू नयेत, लोकांना रस्त्यावर काढू नये म्हणून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं. हा कायदा तात्पुरता होता. मुदत संपत आली की वाढवत वाढवत तो अर्ध्या शतकाहून जास्त चालला.

या कायद्याने काय केलं ते दोन्ही बाजूंनी बघायला हवं. एका बाजूने त्याने गिरगाव वाचवलं. शहराच्या मध्यावर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, शिक्षक, कारकून, विधवा बाई, नाटकातला नट असे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहू शकले. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ, वाड्यांतली वाचनालयं, शाळा, खानावळी, हे सगळं टिकलं ते या माणसांच्या आधारावर. उद्या भाडं दुप्पट होईल ही भीती असती तर मंडळ चालवायला कोण थांबलं असतं?

दुसऱ्या बाजूने इमारतीचा जमाखर्च मोडला. खोलीचं भाडं महिन्याला काही रुपयांत अडकलेलं आणि लाकडाचा, मजुरीचा भाव दरवर्षी वाढणारा. एका तुळईच्या बदलाला सगळ्या चाळीचं वर्षाचं भाडं पुरेना. मालकाने हात आखडला. मालकाला पैसा मिळायचा तो पागडीतून. भाडेकरू खोली दुसऱ्याला देताना मोठी रक्कम घेई आणि त्यातला वाटा मालकाला देई. ही रक्कम कायद्यात बसत नव्हती, पण सगळं शहर ती घेत-देत होतं. या पैशाचा इमारतीशी संबंध नव्हता. तो खिशात जायचा, भिंतीत नाही.

पावसाळ्यात घरं कोसळायला लागली तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. बेट शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्ती करायचं ठरलं. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द इथून आला. अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतल्या १६,५०२ या १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे गेलं. दुरुस्तीच्या खर्चाला चौरस मीटरमागे मर्यादा होती. मर्यादेपेक्षा जास्त खर्च येत असेल तर इमारत पाडायची आणि रहिवाशांना संक्रमण शिबिरात हलवायचं. मर्यादेत बसवायचं म्हणून बरेचदा सागवानी तुळईच्या जागी लोखंडी आय-बीम आले, किंवा नुसते टेकू. गिरगावात आजही असे टेकू दिसतील. ते तात्पुरते म्हणून लावलेले आहेत आणि कित्येक ठिकाणी एक पिढी त्यांच्याखाली मोठी झालेली आहे.

१९८६ मध्ये कायद्यात आणखी एक कलम आलं. सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मालकाला देऊन इमारत संपादन करता येईल. मालकांनी याला आव्हान दिलं. तो वाद इतका लांबला की ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्यातल्या मूळ घटनात्मक प्रश्नावर निकाल दिला. बहुमताने त्यांनी सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मुंबईतल्या मोडकळीस आलेल्या चाळींमधून निघालेला प्रश्न देशाच्या राज्यघटनेपर्यंत गेला. त्याच्या आधी, डिसेंबर १९९७ मध्ये, याच न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्यायकारक झाल्या आहेत असं म्हटलं होतं. त्यानंतर १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. पण पाच रुपयांवर चार टक्के म्हणजे वीस पैसे. तेवढ्याने गळकं छप्पर शाकारता येत नाही.

पुनर्विकास : उजेड कोणाच्या खात्यातून?

आज गिरगावात जे टॉवर दिसतात ते मुख्यतः १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली आले. सूत्र असं की विकासकाला जास्तीचं चटईक्षेत्र द्यायचं. त्यातून तो जुन्या भाडेकरूंना मालकी हक्काचं घर फुकट देईल आणि उरलेली घरं बाजारभावाने विकेल. आताच्या नियमांत भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं.

इथे आम्हाला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. दीडशे चौरस फुटांत चार माणसं राहणाऱ्याला, रात्री गॅलरीच्या टोकाच्या संडासाला जाणाऱ्या बाईला, तिसऱ्या मजल्याचा लाकडी जिना उतरता येत नाही म्हणून वर्षभर घरात अडकलेल्या म्हाताऱ्याला 'चाळ संस्कृती जपा' असं सांगायचा अधिकार आम्हाला नाही. घरात संडास हवा, लिफ्ट हवी आणि डोक्यावरची तुळई पडणार नाही याची खात्री हवी. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारची हुसैनी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. पुनर्विकास रखडला की काय होतं, ते तिथे दिसलं.

पण हिशेब विचारायचा अधिकार सगळ्यांना आहे. या योजनेत नवं घर कोणाच्या पैशाने होतं? वरवर पाहता विकल्या जाणाऱ्या घरांच्या. पण लहानशा जुन्या जमिनीवर भाडेकरूंची घरं अधिक विक्रीची घरं बसवायची, तर इमारत उंच होते आणि बाजूची जागा कमी पडते. म्हणून अशा योजनांना मोकळ्या जागांच्या नियमांत सवलती दिल्या जातात. साडेत्रेसष्ट अंशांची रेघ आठवा. दोनशे फूट उंच इमारतीसमोर शंभर फूट हवेत. वाडीत एवढी जागा नसतेच. म्हणजे प्लेगच्या दणक्यानंतर शहराने जे माप शिकून घेतलं, तेच आपण थोडं थोडं करून विकून टाकतो आहोत. खालच्या मजल्यांवर, बहुधा जुन्या भाडेकरूंच्या वाट्याला येणाऱ्या मजल्यांवर, खिडकीसमोर पुन्हा भिंत येते. हाऊस गल्ली परत आली, फक्त आता ती शंभर फूट खोल आहे.

वारसा जपण्याच्या कायद्याचं काय, असं तुम्ही विचाराल. १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियम आले. खोताची वाडी वारसा परिसर म्हणून त्यात होती. एके काळी तिथे साठ-पासष्ट जुनी घरं होती, आज त्यांतली निम्मीही नाहीत. २०१८ मध्ये फोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला. आनंदाचीच गोष्ट. पण ओव्हल मैदानाची मोकळी जागा त्या इमारतींच्या मध्ये आहे म्हणून त्या आपल्याला दिसतात. चाळीला असं मैदान मिळालं नाही. तिचं मोल तिच्या दर्शनी भागात कमी आणि राहणाऱ्यांच्या एकमेकांशी असलेल्या व्यवहारात जास्त आहे. त्याला श्रेणी कशी देणार?

म्हणून ज्यांच्या चाळीचा पुनर्विकास ठरतो आहे अशांना आम्ही चार गोष्टी सुचवतो. एक, पाडण्याआधी चाळीची मोजणी करून नकाशे आणि छायाचित्रं ठेवा, भाडेपावत्या जपा. दोन, नवा नकाशा समोर आला की घराच्या चौरस फुटांबरोबर खिडकीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर विचारा आणि कागदावर रेघ मारून बघा. तीन, मजल्यावरच्या सामाईक जागेला निदान एक उघडी बाजू मागा, जिथे दोन खुर्च्या मांडता येतील. चार, देखभालीचा खर्च दरमहा किती येणार आणि तो कोण भरणार, हे आधी लिहून घ्या. घर फुकट मिळालं आणि देखभाल परवडली नाही, तर पाच-दहा वर्षांत घर विकून विरारला जावं लागतं. भाडेनियंत्रणाने जो माणूस गिरगावात ठेवला, तो मग मालक होऊन गिरगाव सोडतो.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : मग १९४७ चा भाडे कायदा चांगला की वाईट?*

त्याने माणसं राखली, इमारती राखल्या नाहीत. भाडं गोठवलं तेव्हाच दुरुस्तीचा पैसा कुठून येणार हे ठरवायला हवं होतं. दुरुस्ती मंडळ यायला १९६९ उजाडलं. मधल्या बावीस वर्षांत जे खचलं ते पुढे कधी नीट सावरलं नाही.

*प्रश्न : जुनी चाळ दुरुस्त करून आत संडास, लिफ्ट देता येणार नाही का?*

तांत्रिकदृष्ट्या अनेक ठिकाणी येईल. सागवान चांगलं असेल तर खांब बदलून, तुळया जोडून इमारत आणखी काही दशकं चालते. मागच्या बाजूला संडासांची उभी ओळ जोडता येते, जिन्याजवळ लिफ्टही बसते. अडचण पैशाची आहे. पाडून बांधलं तर विकायला जादा चटईक्षेत्र मिळतं, दुरुस्त केलं तर काहीच मिळत नाही. नियमच पाडण्याच्या बाजूने वजन टाकतो. दुरुस्ती करणाऱ्या चाळीला तसाच काही मोबदला मिळायला लागला, तर किती चाळी उभ्या राहतील ते तेव्हाच कळेल.

*प्रश्न : आमची चाळ पुढच्या महिन्यात रिकामी होते आहे. काय बघून ठेवावं?*

मागची खोली. पुढच्या गॅलरीचे फोटो सगळ्यांकडे असतात. दुपारी बारा वाजता मागच्या खोलीत दिवा न लावता उभे राहा, किती दिसतं ते बघा आणि लिहून ठेवा. नव्या घरात गेल्यावर त्याच वेळी तेच करून बघा.

पुढच्या व्याख्यानात आपण दादर-माटुंग्याच्या वसाहती घेणार आहोत. येताना आपल्या इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेचं माप पावलांनी मोजून आणा.